फिलेमोनाला लिहिलेले पत्र : 25 वचनांत न आलेले एक वाक्य

जुनी_पाने

बायबलच्या नव्या करारात पौल या आद्य ख्रिस्ती प्रचारकाच्या नावाने 13 पत्रे आहेत. त्यांतले सर्वांत लहान पत्र फिलेमोन नावाच्या गृहस्थाला लिहिलेले आहे. त्यात 25 वचने आणि मूळ ग्रीकमध्ये जेमतेम 335 शब्द आहेत, म्हणजे पपायरसच्या एका तावावर मावेल एवढा मजकूर. रोमकरांस लिहिलेल्या पत्रातले तत्त्वविवेचन यात नाही आणि करिंथकरांची काढलेली खरडपट्टीही नाही. अनेसिम नावाच्या दासाला त्याच्या धन्याकडे परत पाठवताना सोबत दिलेली ही चिठ्ठी आहे. चौथ्या शतकात काही मंडळींना ती इतकी किरकोळ वाटत होती की जेरोम आणि जॉन क्रिसोस्टम या दोघा ख्रिस्ती धर्मपंडितांनाही तिची बाजू घेऊन लिहावे लागले. मला मात्र पौलाच्या सगळ्या लिखाणात हेच पत्र सर्वांत कसबी वाटते, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. पौल बंदिवासात आहे. कोठल्या गावी, हे पत्रात नाही. परंपरेने रोम मानले जाते आणि काळ इ. स. 60 ते 62 धरला जातो. अलीकडचे अनेक अभ्यासक इफिससचा कौल देतात आणि काळ पाच-सहा वर्षे मागे नेतात. कारण साधे आहे : फिलेमोनाचे घर बहुधा कलस्सै येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या देनिझली शहराजवळ होते. इफिससहून तेथे चालत आठवड्याभरात पोहोचता येते, रोमहून यायचे तर समुद्र ओलांडावा लागतो. पत्राच्या शेवटी पौल फिलेमोनाला ‘माझ्यासाठी पाहुण्यांची खोली तयार ठेव’ असे सांगतो. हे वाक्य इफिससमधल्या माणसाच्या तोंडी अधिक शोभते, असे मलाही वाटते. कलस्सै हे नाव मात्र या पत्रात कोठेही नाही. ते कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रावरून येते, कारण तेथे अनेसिमाचा उल्लेख ‘तो तुमच्यातलाच आहे’ असा केलेला आहे.

आता मुद्द्याचे. या पत्रातून पौलाला नेमके काय हवे आहे, ते तो एकाही वाक्यात स्पष्ट सांगत नाही. ‘याला मुक्त कर’ असे त्याने लिहिलेले नाही. ‘मला आज्ञा करण्याचे धैर्य आहे, तरी मी प्रीतीस्तव विनंती करतो’ असे तो आठव्या-नवव्या वचनात म्हणतो. ‘मी याला माझ्याजवळच ठेवून घेणार होतो, पण तुझ्या संमतीवाचून काही करावेसे वाटले नाही’ असे तेराव्या-चौदाव्यात आहे. ‘दास म्हणून नव्हे, दासापेक्षा अधिक, प्रिय भाऊ म्हणून’ हे सोळाव्यात येते, आणि एकविसाव्यात तर ‘मी सांगतो त्यापेक्षाही तू अधिक करशील हे मला ठाऊक आहे’ असे म्हणून तो मोकळा होतो. हे ‘अधिक’ म्हणजे काय, ते फिलेमोनाने ओळखायचे. माझे म्हणणे असे की ते वाक्य राहून गेलेले नाही, ते हेतुपूर्वक गाळलेले आहे, आणि त्याची जागा हिशेबाच्या भाषेने आणि साक्षीदारांनी भरून काढली आहे.

हिशेबाची भाषा पाहा. सतराव्या वचनात पौल स्वतःला फिलेमोनाचा भागीदार म्हणवतो. अठराव्यात जे क्रियापद आहे ते व्यापारी वह्यांतले आहे : याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा हा तुझे काही देणे लागत असेल, तर ते माझ्या नावे मांड. लगेच पुढे, लेखनिकाच्या हातून लेखणी घेतल्यासारखा, तो दस्तुरखुद्द लिहितो : मी पौल हे माझ्या हाताने लिहीत आहे, मी फेडीन. त्या काळच्या पपायरसांवर कर्जाचे जे हस्तलिखित रोखे सापडतात, त्यांची धाटणी हीच आहे. आणि शाई वाळायच्या आत पुढचे वाक्य येते : तू स्वतःच माझे देणे लागतोस, हे मी बोलत नाही. बोलत नाही म्हणत बोलून घेण्याची ही तऱ्हा आपल्याकडच्या कोणत्याही वडीलधाऱ्याला शिकवावी लागणार नाही.

साक्षीदारांचे असे की पत्र फिलेमोनाला असले तरी मायन्यात अप्फिया, अर्खिप्प आणि ‘तुझ्या घरात जमणारी मंडळी’ हेही आहेत. त्या काळी चर्चच्या इमारती नव्हत्या, मंडळी कोणाच्या तरी घरी जमे आणि पत्र तेथे मोठ्याने वाचले जाई. पत्र घेऊन आलेला अनेसिम बहुधा त्याच घरात उभा होता. फिलेमोनाने काय करायचे ते त्याने सर्वांच्या देखत ठरवायचे होते.

ग्रीक_थोडेफार

उत्तम मांडणी. साक्षीदारांच्या मुद्द्याला व्याकरणाचा आधारही आहे. मायन्यानंतरचा आशीर्वाद अनेकवचनी ‘तुम्हां’ला आहे. चौथ्या वचनापासून पत्र एकदम एकवचनी ‘तू’वर येते आणि जवळजवळ शेवटपर्यंत तेथेच राहते. बाविसाव्या वचनात खोली ‘तू’ तयार करायची आहे, परंतु पौल ‘तुमच्या’ प्रार्थनांमुळे ‘तुम्हांला’ परत मिळणार आहे. अगदी अखेरचा आशीर्वाद पुन्हा अनेकवचनात आहे. इंग्रजीत वाचणाऱ्याला ही ये-जा दिसत नाही, मराठीत ती आपोआप दिसते. भरल्या बैठकीत एकाच माणसाकडे पाहून बोलावे, तसे हे आहे.

शब्दांवरच्या कोट्याही नोंदवून ठेवतो. अनेसिमाच्या ‘ओनेसिमोस’ या मूळ ग्रीक नावाचा अर्थच ‘उपयोगाचा’, आणि दासांची असली नावे अगदी सर्रास असत, कारण नाव ठेवणारा आईबापांपेक्षा मालकच असण्याचा संभव अधिक. पौल अकराव्या वचनात म्हणतो की हा पूर्वी तुझ्या निरुपयोगाचा होता, आता तुझ्या व माझ्याही उपयोगाचा झाला आहे. येथे ‘आख्रेस्तोस’ आणि ‘एउख्रेस्तोस’ अशी जोडी आहे. त्यातला ‘ख्रेस्तोस’ आणि ‘ख्रिस्तोस’ यांचे उच्चार त्या काळी इतके जवळ आले होते की रोमन इतिहासकार सुएतोनिउस ‘ख्रेस्तुस’ असे लिहून गेला. म्हणजे निरुपयोगी असलेला माणूस ‘ख्रिस्ताविना’ होता, असाही ध्वनी ऐकणाऱ्याला मिळाला असेल. विसाव्या वचनात ‘मला तुझा लाभ होवो’ हे जे क्रियापद आहे, तेही ओनेसिमोस या नावाच्याच धातूचे आहे. तुरुंगात बसून एवढ्या कोट्या करणाऱ्या माणसाविषयी मला नेहमी थोडे कुतूहल वाटते.

आणखी एक शब्द : ‘स्प्लांग्ख्ना’, म्हणजे शब्दशः आतडी. तो सातव्या, बाराव्या आणि विसाव्या वचनांत येतो. भाषांतरांत त्याचे ‘अंतःकरण’ किंवा ‘जीव’ होते. बाराव्यात पौल अनेसिमाला उद्देशून ‘म्हणजे माझे काळीजच’ असे म्हणतो, तेथे खरे तर ‘माझे आतडे’ म्हटले असते तरी मराठीत चालले असते. आपल्याकडे आतडे तुटतेच की.

कायद्याचा_कीडा

दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो. अनेसिम पळून आलेला होता, असे पत्रात कोठेही लिहिलेले नाही. पंधराव्या वचनात ‘तो थोडा वेळ तुझ्यापासून वेगळा झाला’ असे आहे, आणि तेथेही क्रियापद कर्मणी आहे. त्याने चोरी केली, हेही अठराव्या वचनातल्या ‘असेल तर’वरून काढलेले अनुमान आहे. पळालेल्या दासाची गोष्ट क्रिसोस्टमच्या काळापासून इतकी रुळली की ती मूळ मजकुराचाच भाग वाटू लागली.

पर्यायी मांडण्या तीन-चार आहेत. 1985 मध्ये पेटर लाम्पे यांनी रोमन कायद्याचा आधार घेऊन असे सुचवले की अनेसिम पळालेला नव्हता, धन्याशी बिनसल्यामुळे तो मध्यस्थी मागायला धन्याच्या मित्राकडे गेला होता. रोमन कायदेपंडितांत यावर खरोखरच खल झालेला आहे. धन्याच्या मित्राकडे रदबदलीसाठी गेलेल्या दासाला ‘फुगितिवुस’, म्हणजे फरारी, म्हणता येत नाही, असे मत सम्राट जस्टिनियनच्या काळी संकलित झालेल्या डायजेस्ट या कायदेसंग्रहात नोंदलेले आहे. फरक शाब्दिक नव्हता. फरारी दास विकताना तसे सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक असे, आणि पकडलेल्याच्या वाट्याला फटके, डाग किंवा बेड्या येत. दुसरी मांडणी अशी की अनेसिमाला मंडळीनेच पौलाच्या सेवेसाठी पाठवले होते. तिसरी, जी मला पटत नाही, ती म्हणते की तो दास नव्हताच, फिलेमोनाचा सख्खा भाऊ होता. सोळाव्या वचनातले ‘देहाने व प्रभूमध्येही’ हे शब्द त्यासाठी पुढे केले जातात.

मला लाम्पेंची बाजू अधिक पटते, तरी तिच्यात एक अडचण आहे. रोममधल्या पंडितांची सूक्ष्म मते फ्रुगियातल्या, म्हणजे कलस्सैच्या प्रदेशातल्या, एका दासाला ठाऊक होती काय? बहुधा नसतील. परंतु मालकाच्या मित्राकडे जाऊन रडावे, हे कळायला कायदा वाचावा लागत नाही. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाचे साबिनियानुस नावाच्या मित्राला लिहिलेले पत्र आहे, त्यात असाच एक घाबरलेला, दासत्वातून सुटलेला माणूस प्लिनीच्या पायांशी येऊन पडला आहे आणि प्लिनी त्याच्यासाठी रदबदली करतो आहे. दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचावीत. प्लिनी म्हणतो की त्याला पश्चात्ताप झाला आहे, मीही त्याला कडक शब्दांत सुनावले आहे, आता तू राग सोड. पौल अनेसिमाच्या पश्चात्तापाविषयी अवाक्षरही काढत नाही.

साशंक

आपण सर्वांनी पौलाच्या कौशल्याचे कौतुक केले, ते योग्यही असेल. मला मात्र त्या कौशल्याची किंमत कोणी मोजली, हे विचारायचे आहे.

दासाचे जगणे कसे होते ते डोळ्यांसमोर असावे. रोममध्ये लोखंडाचे एक कडे जपून ठेवलेले आहे, ते गळ्यात घालायचे. त्याला लटकवलेल्या चकतीवर लॅटिनमध्ये कोरले आहे : मी पळालो आहे, मला धर, माझा धनी झोनिनुस याच्याकडे मला परत नेलेस तर तुला एक सोन्याचे नाणे मिळेल. कडे पौलानंतर काही शतकांचे आहे, आणि त्यावर ते घालणाऱ्या माणसाचे नाव नाही, धन्याचे आहे. पौलाच्याच काळात, इ. स. 61 मध्ये, रोमच्या नगरपाल पेदानिउस सेकुंदुसचा त्याच्या एका दासाने खून केला, तेव्हा घरातले सर्वच्या सर्व, सुमारे 400 दास जुन्या रिवाजाप्रमाणे मारले गेले. लोकांनी दंगा केला, सिनेटमध्ये चर्चा झाली, तरी शिक्षा अंमलात आली. रोमन इतिहासकार टॅसिटसने हे सविस्तर लिहिले आहे. अशा जगात ‘अधिक करशील’ एवढ्यावर सोडून देणे मला पुरेसे वाटत नाही.

शिवाय न लिहिलेल्या वाक्याची जागा पुढच्यांनी आपापल्या सोयीने भरली. खुद्द क्रिसोस्टमने या पत्राच्या प्रस्तावनेत असा बोध काढला की दासांना धन्यांच्या सेवेतून काढून घेऊ नये. चौथ्या शतकात गांग्रा येथे भरलेल्या धर्मसभेने, धार्मिकतेच्या नावाखाली दासाला धन्याविरुद्ध शिकवणाऱ्याला बहिष्कृत ठरवले. अमेरिकेत 1850 मध्ये फरारी गुलामांचा कायदा झाला, तेव्हा गुलाम परत करणे बायबलला धरून आहे हे दाखवायला याच पत्राचे दाखले दिले गेले. पौलानेही परत पाठवलाच ना, असा तो युक्तिवाद. त्याच पौलाला जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथातली ‘धन्यापासून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला परत देऊ नको’ ही आज्ञा माहीत नसेल, हे शक्य नाही. मग त्याने परत का पाठवले?

वसईकर

साशंक यांचा प्रश्न खरा आहे, आणि आम्हां ख्रिस्ती मंडळींनी तो टाळू नये. जॉर्जियातली एक घटना सांगतो. चार्ल्स कोलकॉक जोन्स हे तेथे गुलामांमध्ये धर्मोपदेश करणारे पाळक होते. एकदा त्यांनी फिलेमोनाच्या पत्रावर प्रवचन केले आणि पौलाचा हवाला देऊन पळून जाण्याचा निषेध केला. त्यांनीच लिहून ठेवल्याप्रमाणे, अर्धे श्रोते उठून चालते झाले, आणि उरलेल्यांपैकी काहींनी असे पत्र बायबलात नाहीच असे ठणकावून सांगितले. त्या श्रोत्यांना वाचता येऊ न देण्याचीच तजवीज होती. तरी त्यांनी मजकुराची अशी परीक्षा केली.

आमच्या चर्चमधला एक तपशील सांगण्यासारखा आहे. कॅथोलिक उपासनेत हे पत्र रविवारी तीन वर्षांतून एकदाच वाचले जाते, सामान्य काळाच्या तेविसाव्या रविवारी. मराठी मिस्साही त्याला अपवाद नाही. वाचन नववे-दहावे वचन आणि मग बारा ते सतरा एवढेच आहे. म्हणजे अकरावे वचन, ज्यात ग्रीक_थोडेफार यांनी सांगितलेली ‘उपयोगी-निरुपयोगी’ ही कोटी आहे, ते गळते. आणि अठरा-एकोणीस, जेथे पौल खिशात हात घालतो, तेही गळते. प्रिय भाऊ राहतो, देणे जाते. मी किती वर्षे हे वाचन ऐकले, पण ‘माझ्या नावे मांड’ हे वाक्य मला घरी पुस्तक उघडल्यावरच भेटले.

दुसरे ‘दास’ या शब्दाविषयी. मराठी कानाला दास म्हटले की रामदास आठवतात. आपल्याकडे दासपण ही मिरवायची गोष्ट आहे. पत्रात दासासाठी आलेला ग्रीक शब्द ‘दूलोस’, आणि असा दूलोस बाजारात विकत मिळत असे. त्यामुळे ‘अनेसिम नावाचा दास’ असे वाचताना आपल्या मनात एखादा हात जोडलेला भक्त उभा राहण्याची भीती आहे. ‘गुलाम’ म्हटले की निराळेच काही ऐकू येते. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे शीर्षक निवडून ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले, तेव्हा त्यांना दास हा शब्द चालला नसता.

ग्रीक_थोडेफार

वसईकर यांच्या या मुद्द्याला एक गोष्ट जोडतो. रोमकरांस आणि फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांच्या आरंभी पौल स्वतःला ख्रिस्ताचा ‘दूलोस’ म्हणवतो. या पत्राच्या आरंभी तसे नाही, येथे तो ‘बंदिवान’ आहे. ज्या घरी खराखुरा दूलोस दारात उभा आहे, तेथे तो शब्द स्वतःला अलंकार म्हणून लावायचा नाही, एवढे भान त्याला होते असे मी समजतो. संपूर्ण पत्रात ‘दूलोस’ फक्त सोळाव्या वचनात येतो, आणि तोही ‘यापुढे नव्हे’ असे म्हणून.

कायद्याचा_कीडा

परत का पाठवले, याचे कोरडे उत्तर : दुसऱ्याच्या दासाला ठेवून घेणे हा रोमन कायद्याने गुन्हा होता, आणि पौल आधीच अटकेत होता. हे उत्तर पुरेसे आहे असे मी म्हणत नाही. आणखी एक कोरडी गोष्ट अशी की नुसती मुक्ती ही अनेसिमाच्या दृष्टीने पूर्ण सुटका नसती. मुक्त झालेला माणूस पूर्वीच्या धन्याचा आश्रित राही आणि कामांच्या ठरावीक बांधिलक्या त्याच्यावर राहत. ‘भाऊ’ या नात्याला कायद्यात काही कलम नव्हते, ही त्याची दुबळी बाजूही आहे आणि कदाचित जमेची बाजूही.

साशंक

‘कदाचित’ फार मोठे आहे. सगळेच क्रिसोस्टमच्या वाटेने गेले नाहीत, हेही सांगायला हवे. त्याच चौथ्या शतकात निसाचा बिशप ग्रेगरी याने बायबलातल्या उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचने दिली, त्यांत तो दासांच्या मालकांना सरळ विचारतो की देवाच्या प्रतिमेची किंमत तुम्ही किती नाण्यांत ठरवलीत. म्हणजे न लिहिलेले वाक्य लिहिता येत होते. ते ग्रेगरीने लिहिले, पौलाने नाही, आणि अमेरिकेत दाखला पौलाच्या नावाचाच चालला.

जुनी_पाने

माझे मूळ म्हणणे थोडे दुरुस्त करतो. वाक्य हेतुपूर्वक गाळले आहे, यावर मी ठाम आहे. परंतु ते गाळणे ज्यांच्या बळावर परिणामकारक होणार होते, त्या गोष्टी पत्राबरोबर पुढे गेल्या नाहीत. फिलेमोनावर दबाव होता तो घरात बसलेल्या मंडळीचा, दारात उभ्या अनेसिमाचा, आणि ‘खोली तयार ठेव’ म्हणणाऱ्या, म्हणजे काय केलेस ते पाहायला येणाऱ्या जिवंत पौलाचा. जॉर्जियातल्या मळ्यावर खोली मागणारे कोणी येणार नव्हते. 25 वचने तेवढी पोहोचली, त्यांच्याभोवतीचे घर पोहोचले नाही. साशंक यांच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

फिलेमोनाने पुढे काय केले, असे बऱ्याच जणांनी निरोपातून विचारले आहे. पत्र टिकले, यावरून त्याने ते फाडून टाकले नाही एवढे निश्चित. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नातिउस रोमकडे मृत्युदंडासाठी नेला जात असताना इफिसकरांना पत्र लिहितो, त्यात त्यांच्या बिशपचे नाव ओनेसिमोस असे आहे, आणि त्याच पत्रात ‘मला तुमचा लाभ होवो’ हे विसाव्या वचनातले क्रियापदही त्याने वापरले आहे. अमेरिकन अभ्यासक जॉन नॉक्स यांनी 1935 मध्ये यावरून तर्क केला की हाच तो अनेसिम, आणि पौलाची पत्रे गोळा करताना त्याने स्वतःची चिठ्ठी आठवणीने त्यांत घातली. तर्क मोहक आहे. परंतु नाव फार सामान्य होते आणि मधे पन्नासेक वर्षे गेली होती, म्हणून मी त्यावर घर बांधणार नाही.

या पत्राचा सर्वांत जुना तुकडा जर्मनीत कोलोन येथे आहे. पी 87 या क्रमांकाचा हा पपायरस साधारण इ. स. 200 च्या आसपासचा आहे. एका बाजूला तेरा ते पंधरा ही वचने तुटक तुटक वाचता येतात : याला जवळ ठेवून घ्यावे असे मनात होते, तुझ्या संमतीवाचून नको, थोडा वेळ तो तुझ्यापासून वेगळा झाला. मागच्या बाजूला निरोपाची चोविसावी-पंचविसावी आहेत. सोळावे वचन ज्या भागावर होते, तो भाग उरलेला नाही.